वर्षाच्या आतली खरेदी

रघूने मोटारसायकल ओट्याला लावली, मागच्या सीटला दोरीने बांधलेलं खोकं सोडवलं आणि ते काखेत मारून तो पायरी चढायला लागला. आई ओट्यावर बसून पायाच्या बोटांना हळद आणि खोबरेल लावत होती. भाताच्या आवणीचा चौथा दिवस होता, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. पाय तसाच ठेवून तिने हात आडवा केला.

"काय हाय?"

"कमळचा लॅपटॉप."

"नवा?"

"मंग. सील हाय अजून."

"तितंच ठेव."

रघू एक पाय पायरीवर आणि एक पाय अंगणात असा थांबला. पाऊस बारीक होता. खोक्यावरच्या प्लास्टिकवर थेंब जमत होते.

"तितंच म्हंजी कुटं? भिजंल तो."

"मंग गारीवं ठेव, न्हायतर तुज्या गोडावनान ने. उंबऱ्याच्या आत न्हाय. वरीस व्हईपरत नवा काय घरान येवाचा न्हाय. तुला म्हाईत न्हाय?"

रघूला माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. बाबा फाल्गुनात गेले. तेव्हापासून घरात नवं कापड आलं नव्हतं, नवं भांडं आलं नव्हतं. जूनमध्ये फ्रिज बंद पडला तेव्हा रघूने तो दोनदा दुरुस्त करून घेतला, पण दुकानात नवा बघायला गेला नाही. चुकलं ते एवढंच की कॉम्प्युटर हा शिक्षणाचा भाग, त्याला वस्तू म्हणत नाहीत, असं आम्ही भावंडं परस्पर धरून चाललो होतो. आईला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

कमळ, रघूची बायको आणि माझी भावजय, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. हाताला तांदळाचं पीठ लागलेलं. तिने खोक्याकडे पाहिलं, मग सासूकडे पाहिलं, आणि पुन्हा आत जाऊन भाकरी थापायला लागली. थापण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

समोरच्या ओट्यावरून गुणाकाकी सगळं बघत होती. ती आईची मोठी जाऊ. भावकीत कोणाच्या घरात काय गेलं आणि काय बाहेर आलं हे तिला त्या घरातल्या माणसांच्या आधी कळायचं.

"टीवी हाय का रं रघू?" तिने विचारलं.

"कॉम्प्युटर, काकी."

"कोनाला?"

"कमळला. शाळेन जाते ती."

गुणाकाकी हसली. "पोरगी सातवीन गेली, आन आता आयस जाते काय शालेन. मंग डबा कोन देल दोघींना?"

हे खरंच होतं. उन्नती, कमळची मुलगी, सातवीत होती. आणि कमळ दहावीनंतर सोळा वर्षांनी सोमवारी पुन्हा वर्गात बसणार होती. भिवंडीतल्या एका प्रशिक्षण केंद्रात कापडाची डिझाइन कॉम्प्युटरवर काढायचा एक वर्षाचा अभ्यासक्रम होता. कमळचं माहेर वज्रेश्वरीच्या बाजूला. लहानपणापासून तिला काठ आणि बुट्टे काढायचा नाद. चौकटीच्या वहीत एकेक चौकोन भरत ती पानंच्या पानं रंगवायची. बाबांनी त्यातली चार पानं एकदा पिशवीत घालून भिवंडीला एका लूमवाल्याला नेऊन दाखवली. त्याने ती बराच वेळ पाहिली आणि सांगितलं, हात चांगला आहे, पण हाताने काढलेलं आता कोणी घेत नाही, मुलीला कॉम्प्युटर शिकवा. बाबा घरी आले ते अर्ज घेऊनच. माघात त्यांनी तो कमळसोबत बसून भरला, सहीसाठी रघूला शिफ्टवरून बोलावून घेतलं. प्रवेश मिळाल्याचं पत्र चैत्रात आलं.

पत्रात खाली एक अट होती. पहिल्या दिवशी स्वतःचा कॉम्प्युटर आणावा, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला दिली जाईल. तो दिवस सोमवार होता. आज गुरुवार.

मी आईजवळ बसले. कल्याणला एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी करते, पण आवणीला दरवर्षी आठ दिवस रजा काढून येते. मी माझ्या परीने मुद्दा मांडला.

"आई, बाबांनीच तिला पाठवायचं ठरवलं होतं. त्यांचीच इच्छा होती."

आईने हळदीचं बोट फडक्याला पुसलं. "त्यांची इच्छा व्हती तं त्यांनी थांबाचा व्हता."

रघूने खोकं परत मोटारसायकलला बांधलं. दोरीची गाठ मारता मारता तो पुटपुटला, "परत देतो उद्या. सात दिवसांन परत घेतात."

आई उठली, दाराशी जाऊन थांबली आणि आत न बघता बोलली, "नवा बोलले मी. जुना हानला तं मी काय बोलनार न्हाय. जुन्याला वरीस लागत न्हाय."

आतला थापण्याचा आवाज थांबला.

*

शुक्रवारी आम्ही खालच्या खाचरात होतो. आमच्या गावात, वडप्यात, आता शेती अशी थोडीच उरली आहे. आमच्या दोन खाचरांच्या तिन्ही बाजूंना गोदामांच्या पत्र्याच्या भिंती आहेत. पाऊस पडला की सगळं पाणी त्या पत्र्यांवरून आमच्याकडे उतरतं, म्हणून आमची खाचरं गावात सगळ्यात आधी भरतात. बाबा म्हणायचे, गोदामवाल्यांनी आपल्याला पाटबंधारे खातं फुकट बांधून दिलं.

चौघी होतो. आई, कमळ, मी आणि मदतीला गुणाकाकी. वाकून उलटं चालायचं, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने तीन-चार काड्या सुटवून चिखलात खोचायच्या. कमळची पात, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ, सगळ्यात सरळ जाते. दोरी न लावता. मी वर्षातून आठच दिवस वाकणारी, माझी पात सापासारखी वळते आणि आई दरवेळी ती मोडून पुन्हा लावते.

"बाय, पुस्तकांची कपाटं पन अशीच लावतंस काय तू?" गुणाकाकीने मला विचारलं.

"तिकडे खाने असतात, काकी."

"मंग हितं पन खाने पाडून घे कमळकरनं. तिला चौकटी भरवाचा नाद हाय." मग कमळकडे वळून, "काय गं, शालेन तुला पयल्या बाकावं बसवतील का शेवटच्या?"

"उंचीनं बसवतात, काकी."

"मंग तू पयल्या."

कमळ खुदकन हसली. ती बुटकी आहे. कालपासून पहिल्यांदा हसत होती. पाऊस जोरात आला तसं आम्ही डोक्यावरचे प्लास्टिकचे घोंगते पुढे ओढून घेतले आणि वाकलेल्याच राहिलो. पाठीवर पावसाचा मार बसत होता. चिखल गार होता आणि त्यात बोटं बधिर व्हायची, मग बाहेर काढली की ठणकायची.

हायवेवरून ट्रकने लांब हॉर्न दिला. बाबा असते तर बांधावरून त्यांनी ओरडून उत्तर दिलं असतं, "आलो रं, आलो!" पंचवीस वर्षं ते प्रत्येक आवणीत हेच करत होते आणि आम्ही प्रत्येक वेळी हसायचो. हॉर्न वाजला आणि चौघींचेही हात जरा थांबले. मग आईने पुढची काडी खोचली.

दुपारी बांधावर भाकरी खाताना कमळने मला हळूच विचारलं, "ताई, जुना चालंल का केंद्रात?"

मी पत्र वाचलेलं होतं. "किती मेमरी पाहिजे ते लिहिलंय, स्क्रीन किती मोठी पाहिजे ते लिहिलंय. नवा पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही."

"मंग उद्या जाऊया?"

"मी पन येते," आई पलीकडून म्हणाली.

आम्ही तिघींनी तिच्याकडे पाहिलं. फाल्गुनापासून ती गावाबाहेर पडली नव्हती. चक्कीवरसुद्धा उन्नतीला पाठवायची.

"तू कशाला जातेस, राही?" गुणाकाकी आईला म्हणाली. तिच्या आवाजात थोडी काळजी होती आणि थोडी बातमीची आशा होती.

"जुना हाय का न्हाय ते कोन सांगल? ह्या दोघींना तो दुकानदार नव्याला जुना बोलून देल. त्यांना काय, दोघींना पायजेच हाय."

*

शनिवारी सकाळी शेअर रिक्षाने आम्ही भिवंडीला गेलो. कमळने पायांना आणि हातांना घासून घासून चिखल काढला होता, तरी नखांच्या कडांना काळी रेघ राहिलीच. तिने पिशवीत पत्र घेतलं होतं आणि एका जुन्या साडीच्या काठाचा वीतभर तुकडा. तुकडा कशाला, असं मी विचारलं तर "बघू" एवढंच म्हणाली.

दुकान एका गल्लीत होतं. दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने, त्यांचा खडखडाट इतका की बोलताना दर वाक्य दोनदा म्हणावं लागत होतं. दुकानाचा मालक नदीम मोमीन, तिशीतला, तोंडात सुपारी. वापरलेले कॉम्प्युटर कंपन्यांकडून घाऊक घेऊन, साफ करून तो विकायचा. त्याने आईसाठी स्टूल पुसून दिलं.

"बोलो अम्मा, किसके लिए चाहिए? बेटे के लिए?"

"सुनेसाठी."

नदीमने कमळकडे पाहिलं. मी पत्र त्याच्या पुढे ठेवलं. त्याने ते नीट वाचलं आणि मागच्या फळीवरून तीन कॉम्प्युटर काढून काउंटरवर मांडले. पहिला उघडून त्याने हात फिरवला.

"ये देखो. बिलकुल नया जैसा."

"मंग नको," आई म्हणाली.

"जी?"

"नया नको. जुना दिखाव."

नदीमला वाटलं तिचं हिंदी कच्चं आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "उनको पुराना ही चाहिए. दिखने में भी पुराना."

तो सुपारी चघळायचा थांबला. "दीदी, मैं सात साल से ये धंधा कर रहा हूँ. ग्राहक को नया लगे इसके लिए मैं रोज दो घंटा पोंछता हूँ."

"कोनी सांगितला पुसवाला?" आई म्हणाली.

मी त्याला थोडक्यात कारण सांगितलं. घरात माणूस गेलं आहे, वर्ष व्हायचं आहे, तोवर नवीन काही आणत नाहीत. त्याने मान हलवली, आवाज उतरवला, आईला म्हणाला, "अल्लाह उनको सुकून दे, अम्मा." आणि दुकानातल्या पोऱ्याला चहा सांगितला. त्यानंतर तो प्रत्येक कॉम्प्युटरचे गुण सांगायचं सोडून दोष सांगायला लागला. याची एक कळ अडकते. त्याचा कोपरा पडून चेपलाय. हे सांगताना त्याला फार जड जात होतं. एकेक दोष सांगून झाला की सवयीने "लेकिन चलता मक्खन है" हे त्याच्या तोंडून निघायचंच.

पहिल्या कॉम्प्युटरवर त्याने कमळला बोटाचा ठसा ठेवायला सांगितला. बोट लावलं की उघडतो, पासवर्ड लागत नाही. कमळने बोट ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं. "दुसरी उँगली," नदीम म्हणाला. दुसरं ठेवलं. "जरा पोंछ के." तिने पदराला पुसून ठेवलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, कॉलेजातली मुलं, ती बघायला लागली. कमळने दहाही बोटं लावून पाहिली. आठवडाभर चिखलात राहून बोटांच्या टोकांची कातडी सालटून पांढरी झाली होती, रेषाच राहिल्या नव्हत्या. तिने हात पिशवीखाली घेतला. तिचे कान लाल झाले होते.

नदीमने काय ते ओळखलं. "रहने दो भाभी. मेरी अम्मी का भी नहीं लगता था. चालीस साल लूम पे ताना जोड़ा उसने. राशनवाला हर महीने बोलता था, आप आप नहीं हो."

कमळने मान वर केली. "आकडा टाकला तर उघडेल ना?"

"आकड़े से तो फटाफट."

मग तिने पिशवीतून साडीच्या काठाचा तुकडा काढला. रंग चिंचेच्या कोवळ्या पानासारखा पोपटी, त्यात विटकरी वेल. फोनमध्ये तिने त्याचा फोटो काढून ठेवला होता. "हा फोटो तिन्हींवर लावून दाखवा," ती नदीमला म्हणाली, मराठीतच, आणि तो तुकडा हातात धरून उभी राहिली.

तीन पडद्यांवर तोच तुकडा आला. कमळने खरा तुकडा एकेका पडद्याशेजारी धरला. मग म्हणाली, इथे ट्यूबलाइट आहे, दाराशी घ्या. नदीमने तिन्ही कॉम्प्युटर उचलून दारातल्या पेटीवर मांडले. बाहेरचा उजेड पावसाळी होता, पण खरा होता. पहिल्यावर पोपटी रंग फिका, धुतल्यासारखा दिसत होता. दुसऱ्यावर निळसर. तिसऱ्यावर कमळने तुकडा टेकवला आणि तो पडद्यात बुडाल्यासारखा झाला, कडा कुठे संपते ते कळेना.

"ह्याच्यावर रंग बरोबर हाय," ती म्हणाली.

नदीम तुकडा आणि पडदा यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. "लोग आके गेम चला के देखते हैं," तो म्हणाला. "कपड़ा लगा के आज तक किसी ने नहीं देखा. हम खुद कपड़ेवाले हैं, हमको भी नहीं सूझा."

अडचण अशी होती की तिन्हींत तिसराच सगळ्यात नवा दिसत होता. झाकण चकचकीत, आत कळांच्या खालच्या पट्टीवर चंदेरी रंगाचा गुळगुळीत मुलामा. आईने त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

"यो न्हाय."

"आई, त्या दोघांवर रंग खोटा दिसतंय," कमळ म्हणाली.

"मंग दुसऱ्या दुकानान बघू."

दुसऱ्या दुकानाला वेळ नव्हता. दुपारनंतर वरच्या खाचराची रोपं उपटायची होती, रविवारी बाजार बंद, सोमवारी नऊला वर्ग. हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. मी आईच्या तोंडाकडे बघत होते आणि मला कळत होतं की ही तिची हट्टाची गोष्ट नाही. बाबांसाठी आता करता येण्यासारखं फार थोडं उरलं होतं, आणि त्यातलं हे एक होतं. त्यात मी हात घालणार नव्हते.

बोलली ती कमळ. लग्नाला तेरा वर्षं झाली, या तेरा वर्षांत तिने सासूपुढे एखादी वस्तू मागितलेली मी ऐकली नव्हती.

"आई, मला हाच पायजे."

आई स्टुलावरून उठली. मला वाटलं ती आता बाहेर पडणार. पण ती पेटीशी आली, वाकली आणि त्या कॉम्प्युटरला तिने हात लावला. बैल बघताना लावतात तसा. आधी झाकणाच्या कडेवरून, मग कळांवरून, मग खालच्या चंदेरी पट्टीवरून. पट्टीच्या कोपऱ्यावर तिचा अंगठा थांबला.

"हा काय कागुद चिकटवलाय?"

"अम्मा, वो डिजाइन है. उसको मत..."

आईच्या नखाने तोवर कोपरा सुटवला होता. डब्यांवरचे कागद, बरण्यांवरची लेबलं अख्खी काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. तिने ते हळूहळू, न फाडता, ओलं साल काढावं तसं ओढत आणलं. नदीमने कपाळाला हात लावला.

खालचा पत्रा ओरखड्यांनी भरलेला होता. मनगटं टेकतात त्या दोन जागांवर बारीक, अर्धगोल रेघा. एकावर एक, शेकडो. डावीकडे जास्त, उजवीकडे जरा कमी.

"दाग है इसलिए लगाया था," नदीम खालच्या आवाजात म्हणाला. "बाकी कुछ खराबी नहीं है. कसम से. पैसे कम कर दूँगा."

आईने त्याचं ऐकलं नाही. ती दारातल्या उजेडात आणखी वाकली आणि त्या रेघांवरून बोट फिरवत राहिली. मग तिने आपली दोन्ही मनगटं त्या जागांवर टेकवली. फाल्गुनातल्या त्या सकाळपासून तिच्या मनगटांवर काही नव्हतं. मी अजून तिकडे बघायचं टाळत असे. तिने मनगटं थोडी मागेपुढे केली. आवाज झाला नाही.

"कमळ," ती म्हणाली. "हात ठेव."

कमळने हात ठेवले. आवणीतसुद्धा तिच्या हातांत काचेच्या हिरव्या बांगड्या असतात. त्या पत्र्यावर टेकल्या आणि तिने बोटं कळांवर नेली तशा सरकून बरोबर त्या अर्धगोल रेघांवर जाऊन बसल्या. किण्ण असा बारीक आवाज झाला.

"बांगऱ्यांचा घासा हाय," आई म्हणाली. "बायमानसाचा व्हता यो. हातभर बांगऱ्या घालनारी." तिने नदीमला विचारलं, "कितना साल?"

"कंपनी का माल है अम्मा. चार-पाँच साल तो चला होगा. कोई मैडम रही होगी."

"चार-पाच वर्सं रोज घासल्याबिगर असा व्हत न्हाय," आई म्हणाली, नदीमला नव्हे, कमळला. "यो जुना हाय. घे."

कमळने हात उचलले नाहीत. ती पडद्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते.

नदीमला मात्र इतका आनंद झाला की त्याने नको ते सांगितलं. "और अम्मा, बैटरी मैंने पिछले हफ्ते एकदम नई डाली है."

मी त्याच्याकडे डोळे वटारले. त्याने जीभ चावली. लूमच्या खडखडाटात आम्ही सगळे आईच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"नांगराला नवा फाल बशिवला," ती म्हणाली, "तं नांगर काय नवा व्हतंय? जुनाच तो."

नदीमने ठरल्याप्रमाणे पैसे कमी केले आणि वर एक नवा चंदेरी कागद फुकट लावून देतो म्हणाला. आईने नको म्हणून सांगितलं. ओरखडे दिसलेच पाहिजेत, गुणाकाकीला दाखवायचे होते.

*

येताना रिक्षात कॉम्प्युटर आईच्या मांडीवर होता, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. प्रत्येक खड्ड्याला ती दोन्ही हातांनी तो उचलून धरायची आणि रिक्षावाल्याला सांगायची, "हलू चालव रं बाबा, आजारी मानूस हाय."

घरी पोचलो तर गुणाकाकी ओट्यावर नव्हती, आमच्याच अंगणात उभी होती. आईने उंबऱ्याच्या बाहेर बसून टॉवेल सोडला, झाकण उघडलं. गुणाकाकीने चष्मा लावून ओरखडे पाहिले, पत्र्याचा उडालेला रंग पाहिला, कागदाच्या डिंकाचे डाग पाहिले.

"जल्ला मेला," ती म्हणाली, "यो तं माज्या पाट्यापरीस जुना दिसतंय. पैसे दिले का ह्याचे? का त्यानीच दिले तुमाला घेवाला?"

"दिले."

"फसवलान तुमाला."

आईला इतकं समाधान झालेलं मी बऱ्याच महिन्यांत पाहिलं नव्हतं. "फसवलान तं फसवलान," ती म्हणाली, आणि स्वतः कॉम्प्युटर उचलून उंबऱ्याच्या आत घेऊन गेली.

*

सोमवारी कमळ आठच्या रिक्षाने गेली. उन्नतीने तिला आपली शाळेची जुनी पाठपिशवी दिली होती, तिच्यावर मांजरीचं चित्र होतं. वरच्या खाचराचा तुकडा अजून राहिला होता. आई आणि मी दोघीच होतो. गुणाकाकीचा गुडघा दुखत होता, ती बांधावर बसून सूचना करत होती.

कमळची पात मधली. आईने ती आपल्याला जोडून घेतली आणि दोन्ही पाती एकटीच लावायला लागली. थोडी डावीकडे सरकायची, पुन्हा उजवीकडे. साठीची बाई, गुडघाभर चिखलात. मी मुठी तिच्या मागे टाकत गेले.

साडेनऊच्या सुमारास माझ्या कमरेला खोचलेला फोन वाजला. कमळ होती. हळू बोलत होती, मागे बाकं सरकल्याचे आवाज येत होते.

"ताई, कॉम्प्युटर बघितला. चालंल बोलले. नाव घेतलं माजं. पुरं नाव. मी हजर बोलले."

"आईला सांग," मी म्हणाले.

आईच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत चिखल होता. मी वाकून फोन तिच्या कानाला धरला. ती वाकलेलीच राहिली, हातात रोपं तशीच. कमळने तिला पुन्हा सगळं सांगितलं असावं, कारण आई बराच वेळ नुसतं "हां, हां" करत होती. मग तिने विचारलं, "कितवा बाक?" आणि उत्तर ऐकून बांधाकडे तोंड करून ओरडली, "पयला!"

"बोलले न्हाय मी?" गुणाकाकी तिकडून म्हणाली.

आई पुन्हा फोनकडे वळली. "आता ठेव तो फोन. सोला वर्सांनी शालेन गेलीस, आन पयल्याच दिशी वर्गान बसून बोलतंस. मास्तर भायेर काडल."

तिने मानेनेच मला फोन बाजूला घ्यायला सांगितलं, डाव्या हातातली मूठ सैल केली आणि पुढच्या काड्या खोचल्या, एक आपल्या पातीत, एक कमळच्या.